फाइलमध्ये नसलेली वही

डोंबिवलीहून आलेल्या त्या आईंच्या फाइलमध्ये सतरा सर्टिफिकिटं होती, सगळी लॅमिनेट केलेली. अबॅकस, कराटेचा पिवळा पट्टा, हस्ताक्षर स्पर्धा, ऑलिम्पियाडची तीन पदकं, इंटरमिजिएट ड्रॉइंगची ‘ए’ श्रेणी, सोसायटीच्या गणेशोत्सवातलं सूत्रसंचालन. मुलगी अकरावी सायन्सला. ती शेजारी बसून पंख्याकडे बघत होती.

“सर, हे सगळं व्हीजेटीआयला चालेल ना?”

नाही चालणार. असं सरळ सांगितलं की पालक दुखावतात, पण दोन वर्षं आशेवर ठेवण्यापेक्षा ते बरं. माटुंग्याचं व्हीजेटीआय असो की घोडबंदर रोडचं ए. पी. शहा, राज्याच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांतून भरली जाणारी इंजिनिअरिंगची जागा तुमची मुलगी कशी आहे हे विचारतच नाही. तिथे पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि ऑप्शन फॉर्म एवढंच दिसतं. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० गुण असतात. त्यांतले १०० एकट्या गणिताचे, भौतिक आणि रसायनचे पन्नास-पन्नास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा सुमारे २० टक्के असतो. इथे उठून दिसायचं म्हणजे गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे. कराटेचा पट्टा या हिशेबात कुठेच बसत नाही. नीटचंही तेच. इंटरमिजिएटच्या ‘ए’चे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळाले, तिथेच तिचं काम संपलं.

कॅपच्या या पहिल्या दरवाजाशी मुलं हुशारी कमी पडल्याने जितकी अडतात, तितकीच फॉर्म नीट न वाचल्यानेही अडतात. पसंतीक्रम हा त्यातला सगळ्यात महागडा घोळ. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून पहिल्या क्रमांकावर असं कॉलेज टाकायचं, जिथे रोज जाण्याचा विचारही कोणी केलेला नसतो. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशातही तसंच. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी हाच नियम होता. म्हणून यादी करण्याआधी मुलीला सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून अंधेरीपर्यंत एकदा नेऊन आणा. दादरला गाडी बदलताना जे कळतं ते कुठल्याच कट-ऑफच्या तक्त्यात छापलेलं नसतं.

‘इंटिग्रेटेड’बद्दलही त्यांनी विचारलं. कॉलेजात नाव, हजेरी मात्र क्लासमध्ये. प्रवासाचा वेळ वाचतो, हे खरं. पण जेईई मेनवरून एनआयटीत जायचं तर बारावीला ७५ टक्के लागतात (किंवा बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं), आणि प्रॅक्टिकलची जर्नल क्लासवाले लिहून देत नाहीत.

आता दुसरा दरवाजा, जिथे माणूस बघतात. अझीम प्रेमजी विद्यापीठात मुलाखत असते. एनआयडीत लेखी परीक्षेनंतर स्टुडिओ टेस्ट असते. आयआयटी मुंबईच्या डिझाइनसाठी यूसीड परीक्षेत चित्र काढावं लागतं. आयआयटी मद्रासने २०२४ पासून खेळाडूंसाठी वेगळ्या जागा ठेवल्या, पण त्यासाठीही जेईई ॲडव्हान्स्ड पार करावी लागते. परदेशी विद्यापीठांचे निबंध तर आहेतच. तिथे सतरा सर्टिफिकिटं बघून वाचणारा कंटाळतो.

या दरवाजातून कल्याणची एक मुलगी फार पूर्वी गेली. २८ जून १८८३ रोजी, अठराव्या वर्षी, आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपली तयारी नियमांच्या मानाने कमी पडेल, हे त्यांनी त्यात लपवलं नाही. काय शिकल्या ते मोजकं सांगितलं. आणि अमेरिकेत कशासाठी आल्या हे नेमकं लिहिलं: आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. त्यांचं स्वतःचं बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेलं होतं. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आजच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’चे जे नमुने क्लासवाले विकतात, त्यांच्याशेजारी ते पत्र ठेवून बघा. बक्षिसांची यादी त्यात नाही. एक उणीव कबूल केली आहे आणि स्वतः पाहिलेली एक गरज सांगितली आहे.

मी मुलीला विचारलं, “कोणी सांगितलेलं नसताना तू काय करतेस?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “मी वास लिहून ठेवते.”

घर एमआयडीसीच्या निवासी भागात, कारखान्यांच्या शेजारी. नववीपासून घाण वास आला की ती वहीत तारीख, वेळ, कसला वास आणि वारा कुठून, हे लिहीत होती. २०१४ ला डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला तेव्हा ती खूप लहान होती. २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तो मात्र तिला आठवत होता. आई म्हणाल्या, “अहो, ते काय सांगायचं!”

मला वाटतं, सांगायचं तेवढंच होतं. रात्री वास जास्त का येतो, याचा तिने अंदाजही बांधला होता: थंड हवा खाली बसते, वर जात नाही. हाच धागा धरून ती हवामान खात्याच्या वाऱ्याच्या नोंदींशी आपली वही ताडून बघू शकते. पेंढरकर कॉलेज एमआयडीसीतच आहे, तिथल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना जाऊन भेटू शकते. दिल्लीतल्या कुठल्याही मुलाला या वहीवरचा निबंध लिहिता येणार नाही.

ऑलिम्पियाडबद्दल एक खुलासा मात्र करावा लागला. शाळेत पाकिटातून येते ती खासगी परीक्षा, आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून चालतं ते राष्ट्रीय ऑलिम्पियाड, या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्याची पदकं घरात शोभतात. दुसऱ्याच्या शिबिरापर्यंत पोहोचलेल्या मुलाला विज्ञानाच्या चांगल्या संस्थांत ओळख लागत नाही. ठाण्याहून वाशीची ट्रान्सहार्बर पकडली की पुढे मानखुर्द जवळच.

उठता उठता मी विचारलं, “प्रवर्ग कोणता?”

“ओबीसी.”

“मग जातीच्या व्हॅलिडिटीचा अर्ज कॉलेजमार्फत केलात? नॉन-क्रीमीलेअरवर कुठल्या वर्षाचा ३१ मार्च आहे, बघितलंत? उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्कच माफ आहे.”

आईंनी फाइल पुन्हा उघडली. सतरा पानं उलटली, मागचा कप्पा चाचपला. जातीचा दाखला होता, तोही लॅमिनेट केलेला. व्हॅलिडिटीच्या अर्जाची पोच नव्हती.