चार दिवसांचा पास आणि देवांचे वार

आमचं घर नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे पाहुण्यांना रिक्षाचा खर्च पडत नाही आणि आम्हाला पाहुण्यांची कधी वाण पडत नाही. त्यातले बरेच जण एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास काढून येतात. १९८८ पासून चालत आलेली ही योजना मला मनापासून आवडते. एकदा पैसे भरायचे आणि चार किंवा सात दिवस एसटीच्या गाड्यांतून मनाला येईल तिथे चढायचं, मनाला येईल तिथे उतरायचं. तरीही पासावर आलेली मंडळी परत निघताना पार दमलेली दिसतात, आणि 'काय काय पाहिलं?' असं विचारलं की गाड्यांची नावं सांगतात. असं का होतं, ते गेल्या श्रावणात आमचे दाजी येऊन गेले तेव्हा नीट कळलं. त्या चार दिवसांत मी रजा टाकून त्यांच्याबरोबर हिंडलो.

दाजी हिशेबाचे पक्के. पास त्यांनी पुण्याहूनच काढला, एक स्वतःचा आणि एक ताईचा. त्यांच्या आई, म्हणजे आमच्या माई, अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांना एसटीत तिकीटच नाही. 'आता हा पास वसूल करायचा,' हे दाजींचं घरात पाऊल टाकतानाचं वाक्य. पुढच्या सगळ्या दगदगीचं मूळ त्या 'वसूल'मध्ये होतं.

पहिला दिवस पुण्याहून येण्यातच गेला. पास तारखेवर चालतो, रात्री बारापासून दुसऱ्या रात्री बारापर्यंत एक दिवस. तुम्ही सकाळी दहाला गाडीत बसा की पहाटे पाचला, दिवस एकच धरला जातो. दाजी सावकाश चहा-नाश्ता करून वाकडेवाडीला पोचले. तिथे नाशिकला लागलेल्या गाड्यांत शिवशाही आणि ई-शिवाई होत्या. साधा पास वरच्या वर्गाच्या गाडीत चालत नाही, म्हणून साधी गाडी लागेपर्यंत बसून राहावं लागलं. नाशिकला उतरेस्तोवर दिवस कलला होता. लांबून येणाऱ्यांनी पहिल्या तारखेची पहाटेची पहिली गाडी धरावी, किंवा बारा वाजून गेल्यावर सुटणारी रातराणी. पास दहा दिवस आधी काढून ठेवता येतो, तेव्हा ऐन वेळी खिडकीपुढे रांग लावायचं कारण नाही. आणि साधा की शिवशाहीचा, हे ठरवण्याआधी तुमच्या मार्गावर कोणत्या गाड्या जास्त धावतात ते बघा. पुणे आणि मुंबईच्या बाजूने येणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. येवला, चांदवड, कळवण या बाजूला साध्या गाड्यांवरच सगळं भागतं.

संध्याकाळी मी त्यांना पंचवटीत नेलं, पायी. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ आणि वसईच्या विजयाची आठवण म्हणून ओळखली जाणारी त्याची घंटा, सीतागुंफा आणि काळाराम मंदिर. याच मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला. एवढं सगळं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहे, गाडीची गरजच नाही. दाजींना मात्र चैन पडेना. 'इथे पासाचा काय उपयोग?' काहीच नाही. शहरात तो उपयोगाला येतच नाही. पूर्वी नाशिकची शहर बससेवा एसटीच चालवायची, पण जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक धावते आणि तिचा एसटीशी संबंध नाही. पांडवलेण्यांना जायचं तर सिटीलिंकचं वेगळं तिकीट काढावं लागतं किंवा रिक्षा. तेवढ्यासाठी लेणी टाळू नका. चोवीस लेणी आहेत, आणि गौतमी बलश्री आणि उषवदात यांचे शिलालेख तिथे आहेत. अर्धा दिवस राखून ठेवावा असं ते ठिकाण आहे. दाजींनी ते यादीतून काढून टाकलं, कारण पासात बसत नव्हतं.

दुसरा दिवस सोमवारचा, तोही श्रावणातला, आणि बेत त्र्यंबकेश्वरचा. वार बदला, असं मी घरात सांगून पाहिलं. पण पासाचे दिवस सलगच मोजले जातात, मध्ये सुट्टी नाही. त्र्यंबकला सिटीलिंकही जाते आणि एसटीही. स्टँडबाहेर आलेल्या पहिल्या गाडीत दाजी चढले आणि पास पुढे केला. कंडक्टरने शांतपणे सांगितलं, 'काका, हा लाल गाडीचा. इथे तिकीट घ्या.' खाली उतरून पुन्हा रांगेत. एसटीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पासधारकाला आसनाचा हक्क नसतो, ही अट तेव्हा दाजींना समजली. ताई उभी, दाजी उभे. माईंना एका कॉलेजच्या मुलाने जागा दिली. पास दाखवून आधी आरक्षण करता येतं, फक्त आरक्षणाचं शुल्क वेगळं भरावं लागतं. लांबच्या गाड्यांसाठी तेवढे पैसे जरूर खर्चावेत. त्र्यंबकसारख्या तीसेक किलोमीटरच्या फेरीला आरक्षण नसतंच; तिथे वार बदलणं एवढाच इलाज.

आता वारांचं बोलू, कारण सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. या जिल्ह्यातल्या प्रत्येक देवाचा वार ठरलेला आहे. सोमवार त्र्यंबकेश्वराचा. त्यातही तिसरा श्रावणी सोमवार म्हणजे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. त्या दिवशी जादा गाड्या सुटतात आणि त्याही भरून वाहतात. मंगळवार-शुक्रवार सप्तशृंगीचे, गुरुवार शिर्डीचा. दाजी रविवारी निघाले म्हणून ओळीने महादेवाच्या वारी महादेव आणि देवीच्या वारी देवी आली. पुण्य दुप्पट मिळालं असेल, पण दोन्ही दिवसांचा मोठा भाग दर्शनाच्या रांगेत गेला. बुधवार-गुरुवारी त्र्यंबक, सोमवारी सप्तशृंगीचा गड, मंगळवारी शिर्डी असा उलटा क्रम लावला तर तेवढ्याच दिवसांत दुप्पट बघून होतं.

ताईच्या मुलीला हे सांगितलं तर ती हसायला लागली. ती कामासाठी पॅरिसला गेली होती आणि तिने तिथला म्युझियम पास घेतला होता. तो दोन, चार किंवा सहा दिवसांचा मिळतो, आणि चालतो तासांवर. पहिल्या दारात दाखवला की दोन दिवसांच्या पासाचे अठ्ठेचाळीस तास सुरू. तिने सोमवारी सकाळी सुरुवात केली. सोमवारी ओर्से संग्रहालय बंद, व्हर्सायचा राजवाडाही बंद. मंगळवारी लूव्र बंद. आपल्याकडे वाराला गर्दी, तिकडे वाराला कुलूप. शिवाय लूव्रसाठी पास हातात असला तरी आत जायची वेळ आधी आरक्षित करावी लागते, आणि आयफेल टॉवर त्या पासात मुळात येतच नाही. नाशिकहून तिकडे जाणारी मंडळी आता पुष्कळ आहेत, म्हणून हे सांगून ठेवलं.

तर मंगळवारी गड. दिंडोरी, वणी, नांदुरी आणि मग घाट. श्रावणात तो घाट धुक्यात असतो, आणि खिडकीची जागा मिळाली तर त्या प्रवासासाठीच पासाचे पैसे द्यावेत असं वाटतं. वर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माईंना चढवणं शक्य नव्हतं, म्हणून फ्युनिक्युलर ट्रॉली घेतली. तिचं तिकीट अर्थात वेगळं. उतरल्यावर परतीच्या गाडीला झुंबड. नवरात्रात आणि चैत्रात जाणार असाल तर खासगी वाहनं नांदुरीला अडवतात आणि गडावर एसटीच नेते, त्यामुळे त्या दिवसांत पास कामाचा ठरतो; पण तेव्हाची गर्दी सोसण्याची तयारी हवी.

एवढं होऊनही रात्री जेवताना दाजी कागद-पेन घेऊन बसले. पास अजून वसूल व्हायचा होता. त्यांचा बेत असा: बुधवारी शिर्डी करून नाशिकला परत, आणि रात्री पुण्याला. मी तो कागद ओढून घेतला. गेलेल्या रस्त्याने परत यायचंच कशाला? सामान बरोबर घ्या, सिन्नरला उतरा, तिथून शिर्डी आणि शिर्डीहूनच पुण्याची गाडी धरा. पासात मोठ्या माणसाला तीस किलो सामान नेता येतं. आमच्या चार दिवसांत पासाचं खरं चीज झालं ते इथे. तिकीट काढून सिन्नरला उतरलेला माणूस पुढच्या गाडीला पुन्हा पैसे मोजतो, म्हणून तो उतरतच नाही. खिडकीतून सिन्नर बघतो. गावातलं गोंदेश्वराचं यादवकालीन देऊळ, मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळं असं शैव पंचायतन, आवारात हिरवळ आणि पाच-सहा माणसं. दाजी अर्ध्या तासासाठी म्हणून आत गेले आणि दुपारपर्यंत कोरीव काम बघत बसले. ताईने मला हळूच विचारलं, 'यांचं वसूल करायचं राहिलं वाटतं.'

अशा वाटेत उतरण्याच्या जागा नाशिकभोवती भरपूर आहेत, आणि पास काढणाराने त्यांचीच यादी करावी. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. आग्रा रोडवर चांदवडला होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामाता. छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर येवला, पैठणीचे माग आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती मुक्तिभूमी. सापुताऱ्याचा मोह पडेल. पण तिकडे धावणाऱ्या गाड्यांत गुजरातच्याही गाड्या असतात आणि त्यांत आपला पास चालत नाही.

शिर्डीहून निघताना एक गोष्ट पाळा. शेवटच्या तारखेला रात्री बारा वाजले की पास संपला. गाडी वाटेत असली तर बारानंतरच्या प्रवासाचे पैसे वेगळे पडतात. त्या बेताने गाडी निवडा. पास जपून ठेवा, हरवला तर दुसरा मिळत नाही. आणि दुसऱ्याच्या नावाचा पास वापरायचा विचारही करू नका.

राहिला दाजींचा हिशेब. साध्या गाडीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. २०२५ च्या जानेवारीतल्या भाडेवाढीनंतर टप्प्याला साधारण दहा रुपये पडतात. त्याच वर्षी जुलैत पासाचे दर कमी झाले आणि चार दिवसांचा साधा पास १३६४ रुपयांना मिळू लागला. भागाकार केला तर आठशे किलोमीटरच्या वर, म्हणजे रोज दोनशे किलोमीटर हिंडल्यावर तो फिटतो. नाशिकला मुक्काम ठेवून त्र्यंबक, गड आणि शिर्डी केली तर जाऊन-येऊन पावणेचारशेच्या आतबाहेर भरतं. म्हणून नाशिककराने किंवा नाशिकला आधीच येऊन राहिलेल्या माणसाने एवढ्यासाठी पास काढू नये, साधं तिकीट स्वस्त पडेल. पुण्याहून येणाऱ्याचं येणं-जाणं चारशेवर जातं, म्हणून त्याची जेमतेम बरोबरी होते. कोल्हापूर, सोलापूर, नागपूर असा पल्ला असेल तर डोळे झाकून काढावा. दर बदलत राहतात. तुम्ही जाल तेव्हाचा आकडा खिडकीवर विचारा आणि हाच भागाकार करा.

आणि हा सगळा हिशेब झाला पुरुषाचा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पासाच्या दरात मात्र बाई-पुरुष असा फरक नाही. म्हणजे बाईचा पास फिटायला रोज चारशे किलोमीटर प्रवास व्हायला हवा, आणि तेवढा प्रवास केला तर बघणार काय? ताईने अर्ध्या तिकिटावर हाच दौरा सातशे रुपयांच्या आत केला असता. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच तिकीट. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत आणि ओळखपत्र जवळ हवं, एवढं लक्षात ठेवा. चौकोनी कुटुंब निघालं की घरातला कर्ता मोजून सगळ्यांचे पास काढून आणतो. तसं करू नका. लांबून येत असाल तर पासष्टच्या आतल्या पुरुषांचे तेवढे पास काढा, बायकांनी तिकिटं घ्यावीत, आणि आजीला खिडकीजवळ बसवा.