ट्रॉलीच्या डाव्या बाजूने

जानेवारी महिना, कारखान्यांचा गाळप हंगाम ऐन भरात. पश्चिम महाराष्ट्रात या दिवसांत संध्याकाळी गाडी चालवायची म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगेत राहायचं. सासरे दवाखान्यात होते म्हणून मी आणि पत्नी तालुक्याच्या गावी निघालो होतो. पुढे डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर. कारखान्याचा फाटा आला तसा ट्रॅक्टरवाल्याने उजवा हात बाहेर काढला, ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध घेतला आणि समोरून येणारी वाहनं जाईपर्यंत थांबला. डावीकडे रस्ता मोकळा होता. मी वेग कमी केला, आरसा पाहिला आणि त्याच्या डाव्या बाजूने पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला. चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक, ई-चलन. फाट्यावरच्या खांबावर कॅमेरा होता. फोटोत माझी गाडी ट्रॉलीच्या डावीकडे, नंबरप्लेट अगदी स्वच्छ. ट्रॅक्टरवाल्याचा हात मात्र उसाच्या मोळ्यांआड गेलेला, आणि ट्रॉलीला इंडिकेटर नव्हताच. फोटो खोटा नव्हता. पण घडलं त्यातला एकच क्षण त्याने टिपला होता आणि तो माझ्या विरुद्ध जाणारा होता.

नियम माझ्या बाजूने होता. ओव्हरटेक उजवीकडून करायचा हे खरंच. पण पुढच्या वाहनाने उजवीकडे वळण्याची खूण केली असेल आणि ते रस्त्याच्या मध्याकडे सरकलं असेल, तर त्याच्या डावीकडून जाता येतं. 1989 च्या रस्ता नियमांपासून ही मुभा आहे. तरीही मी हरलो, आणि कसा हरलो ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

मेसेज आल्यावर मला संताप आला आणि संतापात आठ-नऊ दिवस गेले. माझ्या गाडीत डॅशकॅम आहे. ट्रॅक्टरवाल्याचा हात, ट्रॅक्टरचं थांबणं, माझा कमी झालेला वेग, सगळं त्यात आलं होतं. पण डॅशकॅमचं कार्ड भरलं की तो जुनं पुसून त्यावर नवं साठवतो. दवाखान्याच्या रोजच्या फेऱ्यांनी ती पाच मिनिटं पुसली गेली. मला आठवण झाली तेव्हा कार्डात फक्त कालचा रस्ता होता.

मग फाट्यावर गेलो. तिथल्या पंक्चरच्या दुकानाला कॅमेरा आहे. दुकानदाराने आपणहून रेकॉर्डिंग उघडून दाखवलं आणि म्हणाला, "साहेब, आठवड्याचंच राहतंय यात. चार दिवस आधी आला असता तर मिळालं असतं."

तिसरी चूक तक्रार लिहिताना झाली. मी वीस वर्षं गाडी चालवतो आहे, उसाच्या ट्रॉल्यांना दिवे नसतात त्यांना कोणी विचारत नाही, आमच्यासारख्यांनाच पकडतात, असं भरभरून लिहिलं. ट्रॅक्टर उजवीकडे वळत होता ही एकच कामाची गोष्ट, ती शेवटच्या ओळीत. तक्रार नामंजूर झाली आणि उत्तर एका वाक्याचं होतं: छायाचित्रात उल्लंघन दिसते. तपासणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. त्याच्यासमोर दुसरं काही मी ठेवलंच नव्हतं.

वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, "कोर्टात जाता येईल. पण तुझ्या हातात आता काय आहे?" पत्नीच्या साक्षीशिवाय काहीच नव्हतं. मी दंड भरला. रक्कम मोठी नव्हती. पण न केलेल्या चुकीची नोंद माझ्या गाडीच्या नावावर राहिली, हे आजही सलतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर माझ्यासारखं करू नका. काय करायचं ते सांगतो.

आधी शांत बसून स्वतःलाच विचारा: ओव्हरटेक खरंच नियमात होता का? वळणावर, चढाच्या माथ्यावर, अरुंद पुलावर, समोरचा रस्ता दिसत नसताना किंवा अखंड पट्टा ओलांडून केलेला ओव्हरटेक चूकच असतो, समोरून कोणी आलं नाही तरी. तसं असेल तर दंड भरा आणि विषय संपवा.

मेसेज खरा आहे याची खात्री करा. ई-चलनाच्या नावाने बनावट लिंक आणि व्हॉट्सॲपवर एपीके फायली फिरतात. त्या उघडल्या की बँकेतले पैसे जातात. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. परिवहन किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून गाडीचा नंबर टाका. नोंदणीच्या वेळचा मोबाईल नंबर बदलला असेल तर तो आजच अद्ययावत करा. नाहीतर चलन आल्याचं तुम्हाला कळणारही नाही.

चलन खरं निघालं तर पुरावा त्याच दिवशी जपा. डॅशकॅमचं कार्ड काढून ठेवा, क्लिप दोन ठिकाणी उतरवून घ्या. आसपासच्या दुकानांत, पेट्रोल पंपावर जाऊन रेकॉर्डिंग मागा. जागेचे फोटो काढा: रस्त्यावरचे पट्टे, फलक, वळण. गाडीत कोण होतं आणि काय घडलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

मग चलन शब्दन् शब्द वाचा. कलम कोणतं लावलं आहे ते महत्त्वाचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177अ खाली दंड 500 ते 1,000 रुपये आहे. पण बेकायदा ओव्हरटेक 2019 च्या दुरुस्तीने कलम 184 मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यातही आला आहे. तिथे पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं; तीन वर्षांत पुन्हा तसंच घडलं तर दंड 10,000 रुपये होतो किंवा कैद दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते, किंवा दोन्ही. 184 लावलेलं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

कॅमेऱ्याने चलन केलं असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 167अ हा नियम माहीत हवा. तो ऑगस्ट 2021 मध्ये आला. उल्लंघन आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारं छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम चलनासोबत हवं. सूचना ठरलेल्या मुदतीत पाठवलेली हवी. कॅमेरा प्रमाणित हवा आणि त्या टप्प्याआधी सूचनाफलक हवेत. यातलं काही खटकलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवस. छायाचित्रं मोठी करून नीट पाहा. पुढच्या वाहनाचं वळलेलं चाकही तुमचा साक्षीदार ठरू शकतं.

तक्रार चार-पाच वाक्यांत लिहा. माझी अशी हवी होती: "अमुक तारखेला, अमुक वेळी पुढील ट्रॅक्टरने उजवीकडे वळण्याचा हाताने इशारा केला व तो रस्त्याच्या मध्यभागी थांबला. मी डावीकडील मोकळ्या भागातून कमी वेगाने गेलो. सोबत चित्रफीत जोडली आहे. चलन रद्द करावे ही विनंती." राग, जुन्या तक्रारी, दुसऱ्यांचे दोष यांतलं काही लिहू नका. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

निकाल लागेपर्यंत दंड भरू नका आणि घरातही तसं सांगून ठेवा. मुलाने किंवा सुनेने मदत म्हणून पैसे भरले तर तुम्ही चूक कबूल केली असं होतं. तक्रार फेटाळली गेली आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तिथेही लढता येतं. व्हर्च्युअल कोर्टात दंड भरण्याच्या पर्यायाशेजारीच आव्हान देण्याचाही पर्याय असतो. लोकअदालतीत तडजोड केली तर ती अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. आणि गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर विचारल्यावर त्याचं नाव सांगणं कलम 133 नुसार मालकाचं कर्तव्य आहे.

पुढच्या पावसाळ्यात घाटातून येताना मी एका कंटेनरमागे कंटाळलो आणि अखंड पट्टा ओलांडून पुढे गेलो. समोरून कोणी आलं नाही. चलन आलं. या वेळी डॅशकॅमची क्लिप शाबूत होती. मी ती पाहिली, पत्नीला दाखवली आणि त्याच संध्याकाळी दंड भरला. त्या फोटोतही एकच क्षण होता. पण त्याच्या आधी आणि नंतर काय घडलं ते मला ठाऊक होतं.