रूळ उखडले, वाट उरली

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टचे दोन तोंडवळे आहेत. उत्तरेला काळसर वालुकाश्म आणि दलदल, तो डार्क पीक. दक्षिणेला चुनखडक, तो व्हाइट पीक. तिथे डव्ह, मॅनिफोल्ड, लॅथकिल आणि वाय या नद्यांनी कोरलेल्या खोल घळी, घळींच्या उतारांवर रान, वर गवताचे पठार आणि पठारभर कोकणातल्या गडग्यांसारख्या नुसत्या रचलेल्या दगडी भिंती. मी मूळचा कुर्डुवाडीचा, आता डर्बीत राहतो आणि सुट्टीला ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटांची सायकल) घेऊन तिकडे जातो. त्यातून जे उमगले ते असे.

१. नदीकाठ सायकलसाठी नाही.
नकाशात नदीलगत ठिपक्यांची रेघ दिसली की मोह होतो. पण इथे पायवाट वेगळी आणि घोडेवाट वेगळी. १९६८च्या कंट्रीसाइड कायद्याने सायकलवाल्यांना घोडेवाटेवरून जायचा हक्क दिला, तोही पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. पायवाटेवर तो हक्क नाही. आणि डव्हडेल, लॅथकिल डेल, ची डेल या सर्वांत देखण्या घळी बहुतेक चालणाऱ्यांच्याच आहेत. यावर चिडणारे सायकलवाले मला भेटतात. मला मात्र हे बरोबर वाटते. एक माणूस जेमतेम मावेल अशा ओल्या दगडी वाटेवर हँडल घेऊन शिरण्यात कसली मजा? माझ्या पिशवीत पंपाआधी कुलूप जाते. सायकल वर बांधायची आणि घळीत पायी उतरायचे.

२. चालवायचे ते बंद पडलेल्या रेल्वेवर.
ॲशबर्न ते ‘पार्सली हे’ हा टिसिंग्टन ट्रेल २१ किलोमीटरचा. १८९९ साली सुरू झालेली ही रेल्वे १९६७ मध्ये पूर्ण बंद झाली, रूळ निघाले आणि १९७१ मध्ये तिची वाट झाली. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी टेकड्या कापल्या आणि दऱ्यांत भराव घातले. त्याचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना होतो. ॲशबर्नहून निघालात की चढ सौम्य, पण जवळजवळ अखंड. तो सकाळीच उरकावा, परतीला उतार आपलाच असतो.

३. मॅनिफोल्डला जाल तर बार्शी आठवा.
हुल्म एंड ते वॉटरहाउसेस ही सुमारे १३ किलोमीटरची वाट पूर्ण डांबरी आहे, त्यामुळे ग्रॅव्हलचे कट्टर भक्त नाके मुरडतात. मुरडोत. या वाटेखाली १९०४ ते १९३४ अशी जेमतेम तीस वर्षे अडीच फुटी गेजची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे धावली. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हाच माणूस आपल्या बार्शी लाइटचा! १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे त्याने उभी केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. स्वस्तात बांधलेली, हलक्या रुळांची रेल्वेही भरपूर माल ओढू शकते हे त्याने सोलापूर जिल्ह्यात दाखवून दिले आणि ती अक्कल घेऊन तो स्टॅफर्डशायरच्या या घळीत आला. इंजिने दोन्हीकडे लीड्सच्या किटसन कारखान्याची. मॅनिफोल्डच्या इंजिनांना पुढे भलेमोठे दिवे होते. इंग्लंडच्या त्या चिमुकल्या घळीत त्यांचे काय काम होते देव जाणे, पण ती वसाहतीतल्या थाटाची इंजिने होती.

वडिलांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, आम्ही त्या गाडीला नावं ठेवायचो. चालत गेलं तर लवकर पोचू म्हणायचो. आणि तुझ्याकडे तिचं स्मारक आहे होय?" आहे. मॅनिफोल्ड रेल्वेचे मुख्य उत्पन्न दुधाच्या वाहतुकीचे होते, ते गेल्यावर ती मेली. पण मालक कंपनीने जमीन काउंटीला दिली आणि १९३७ मध्ये तिथे लोकांसाठी वाट झाली. टिसिंग्टनच्या तीसेक वर्षे आधी! बार्शी लाइटचे पुढे ब्रॉडगेज झाले. गावाला गाडी हवी असते, वाट नको, हे खरेच. तरी मॅनिफोल्डवरून जाताना मला नेहमी थोडी असूया वाटते.

४. उन्हाळ्यात नदी शोधू नका.
त्याच वाटेवर वेटन मिलपाशी मॅनिफोल्ड जमिनीत शिरते. कोरड्या दिवसांत पुढचे पात्र नुसते गोटे आणि रानटी झाडोरा. पाणी खालच्या पोकळ्यांतून जाते आणि कित्येक किलोमीटरांवर इलमला वर येते. पावसाचे किंचित आम्ल पाणी चुनखडक विरघळवते, भेगा रुंदावतात आणि सगळा प्रदेश खालून पोकळ होतो. लॅथकिलच्या बाबतीत माणसानेही हातभार लावला. शिशाच्या खाणींतले पाणी काढायला खोदलेल्या भुयारी चरांनी भूजल खाली नेले.
सायकलवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. वर पठारावर ओढे नाहीत, म्हणून जुन्या गावांनी गुरांसाठी तळी राखली. दोन बाटल्या भरून घ्याव्यात. आणि कुरणात गवताळ उंचवटे-खळगे दिसले तर वाट सोडून त्यांत शिरू नये. ती शिशाची जुनी खोदकामे असतात आणि काहींखाली उभी विहीर असते.

५. ब्रेक आधी, मग टायर.
हाय पीक ट्रेलचा बहुतेक भाग सपाट, पण क्रॉमफर्डच्या बाजूला शीप पाश्चर आणि मिडलटन हे दोन उतार साधारण आठास एक आहेत. या ट्रेलखालची १८३०-३१ सालची रेल्वे कालव्याच्या हिशेबाने आखलेली. जिथे कालव्याला बांध-दरवाजे लागले असते तिथे उभा उतार आणि वर दोराने वाघिणी ओढणारे इंजिन. मिडलटन टॉपला १८२९चे ते वाफेचे इंजिन अजून जागेवर आहे. शीप पाश्चरवर १८८८ मध्ये सुटलेल्या वाघिणी खालचा कालवा आणि मुख्य रेल्वे दोन्ही ओलांडून पलीकडे जाऊन पडल्या. नंतर सुटलेल्या वाघिणी अडवायला खड्डा केला, तो आजही दिसतो. तिथे क्षणभर थांबून मग उतरावे. पादचारी खूप असतात.
टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास पुरे. डांबरी रस्त्यापेक्षा हवा बरीच कमी ठेवावी.

६. ओला चुनखडक म्हणजे साबण.
गवताळ घोडेवाटांवर घासून गुळगुळीत झालेले दगड असतात. पावसात त्यांवर पुढचा ब्रेक दाबू नये. जुन्या रेल्वेवाटांवरची बारीक चुरी भिजली की पांढरा लगदा होऊन चेनला बसतो आणि वाळला की घट्ट होतो. घरी पोचल्यावर आधी सायकल धुवावी, मग चहा.

७. रान राखेचे होत चालले आहे.
घळींतल्या झाडीत बहुसंख्य झाडे ॲशची. बुरशीने येणारा त्यांचा वाळवा रोग २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. आता वाटेवर वठलेले शेंडे दिसतात आणि लोकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून कापलेली खोडेही. जागोजागी लाइम, एल्म लावत आहेत. जोराच्या वाऱ्यात मी घळीतली वाट टाळतो आणि पठारावरून जातो. मे महिन्यात मात्र यावेच, कारण झाडांखाली रानलसणीचा पांढरा सडा असतो आणि वासाने भूक लागते.

८. रस्किनचा राग समजून घ्या, पण पूल पाहा.
वाय नदीवरचा हेडस्टोनचा कमानीचा पूल १८६३चा. देखणी घळ नासवली म्हणून लेखक जॉन रस्किनने रेल्वेवर जळजळीत टीका केली. १९६८ मध्ये मार्ग बंद झाला आणि दोनच वर्षांत तो पूल वारसा म्हणून संरक्षित झाला. आता त्याचा फोटो काढायलाच लोक येतात. रस्किन चुकला असे मला म्हणवत नाही. एखाद्या घळीत आज असा पूल बांधायला निघाले तर मीही विरोधाच्या पत्रावर सही करीन. पण व्हाइट पीकमध्ये आपण निसर्ग म्हणून ज्यावर फिरतो त्यातले बरेच कुणीतरी नफ्यासाठी फोडलेले आहे, आणि धंदा बुडाला म्हणून ते आपल्याला मिळाले.
हा पूल ज्यावर आहे तो मोन्सल ट्रेल १३-१४ किलोमीटरचा आहे. प्रत्येकी सुमारे ४०० मीटरचे चार बोगदे २०११ मध्ये उघडले. दिवे दिवसाच असतात, म्हणून आपला दिवा हवाच. आत गार असते, जर्किन ठेवावे. घंटी वाजवावी, पण बोगद्यात एकदाच, कारण ती घुमते आणि लहान मुले प्रत्युत्तरादाखल किंचाळतात.

९. गाडीने या.
डर्बीहून मॅटलॉककडे जाणारी आगगाडी क्रॉमफर्डला थांबते. तिथून हाय पीक ट्रेलचे टोक कालव्याच्या काठाने थोड्याच अंतरावर. आगगाडीत सायकलींना जागा मोजक्याच, तेव्हा शनिवारी सकाळची पहिली गाडी गाठावी. नाहीतर फलाटावर तुमच्यासारखेच हेल्मेटवाले चारजण आधीच उभे असतात, आणि त्यांतल्या एकाकडे नेमकी मागे डबल सीटवाली लांबलचक सायकल असते.