घर 'एकसंध' दिसण्याचे पैसे कोटेशनमध्ये कसे धरायचे? फर्निचर व्यवसायाचा धडा



फर्निचरचं काम घेणाऱ्या, किंवा दोन-तीन सुतार हाताशी धरून स्वतःचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी आजचा धडा आहे. व्हिडिओ पाहिला असेल तर वही-पेन घ्या, कारण त्यातले आकडे इथे नीट मांडतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. गिऱ्हाईक तुमच्याकडे कपाट मागतं, ट्रॉल्या मागतं, टीव्ही युनिट मागतं. पण त्याच्या मनात असतं पूर्ण घर. कर्ज काढून घेतलेल्या टू बीएचकेमध्ये पाहुणे आले की त्यांनी "वा, घर छान केलंय" म्हणावं, ही त्याची इच्छा. "कपाट छान आहे" एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. मग हे पूर्ण घर छान कशामुळे दिसतं? वस्तूंपेक्षा वस्तूंमधल्या जोडकामामुळे. आणि छोट्या व्यावसायिकाचा नफा बहुतेक वेळा याच जोडकामात बुडतो.

पुण्याचा विश्रामबागवाडा पाहिला असेल, तर त्याचा लाकडी दर्शनी भाग आठवा. खांब, महिरपी, कोरीव पट्ट्या सगळं एकमेकांत मिसळलेलं दिसतं. आपल्या फ्लॅटमध्ये सागवानाऐवजी प्लाय आणि लॅमिनेट आहे, पण तत्त्व तेच.

पायरी १ : आधी घराचे नियम ठरवा, मग वस्तू

कोटेशन देण्याआधी गिऱ्हाईकाबरोबर बसून हे पाच नियम लिहून घ्या.

१. मुख्य शेड एक, जोडीची शेड एक. तिसरी घ्यायचीच असेल तर फक्त देव्हारा किंवा मुलांच्या खोलीसाठी.
२. लॅमिनेटचे रेघांचे डिझाइन उभे की आडवे? सगळ्या घरात एकच दिशा.
३. हँडल एकाच प्रकारचं. लांबी बदलली तरी चालेल, फिनिश बदलू नका.
४. स्कर्टिंग आणि कपाटाखालची पट्टी एकाच उंचीची. बहुतेक घरांत टाइलची स्कर्टिंग ४ इंच असते, तीच धरा.
५. वरची रेघ एक. दाराची चौकट साधारण ७ फुटांवर संपते. वॉर्डरोबचे शटर तिथेच संपवा आणि त्यावर लॉफ्ट द्या. किचनच्या वरच्या कपाटांनाही शक्य तिथे हीच रेघ ठेवा.

मग एक फूट बाय एक फुटाची नमुना फळी बनवा. तिच्यावर दोन्ही लॅमिनेट, एज बँड आणि हँडल लावा. ही फळी गिऱ्हाईकाच्या घरी नेऊन दिवसा आणि रात्री दिव्याखाली दाखवा. दुकानातल्या उजेडात आवडलेली शेड घरच्या पिवळ्या दिव्यात वेगळी दिसते. मागच्या बाजूला लॅमिनेटचा कोड, तारीख आणि गिऱ्हाईकाची सही घ्या. पुढे "मी हा रंग सांगितलाच नव्हता" हा वाद तिथेच मिटतो.

पायरी २ : मोजमाप खोलीचं नको, घराचं घ्या

पाण्याच्या लेव्हल पाईपने किंवा लेझरने संपूर्ण घरात तयार फरशीपासून १ मीटर उंचीवर एक रेघ मारा. सगळी उंची या रेघेपासून मोजा, फरशीपासून नको. फरशीला उतार असतो, आणि तिच्यापासून मोजलं की दोन खोल्यांची कपाटं वर-खाली दिसतात.

भिंतीतल्या रुंदीचं माप खाली, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी घ्या. सर्वांत लहान माप धरून कपाट बनवा. उरलेली फट फिलर पट्टीने बंद करा. भिंत ओळंब्यात नसणं हे नेहमीचंच, त्यामुळे फिलर पट्टी कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून हवी. फॉल्स सीलिंग होणार असेल तर त्याची उंची नक्की झाल्याशिवाय लॉफ्टचं माप अंतिम करू नका.

पायरी ३ : एका शेडचा फायदा तुमच्या खिशालाही

लॅमिनेटची शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. समजा दर्शनी भाग असे आहेत: किचनच्या खालच्या ट्रॉल्या ४५, दोन वॉर्डरोब प्रत्येकी ४२, टीव्ही युनिट ३६, लॉफ्ट ३०, चप्पल स्टँड १२. एकूण २०७ चौरस फूट. कटिंगची घट १५ टक्के धरू.

- प्रत्येक वस्तूला वेगळी शेड: २ + २ + २ + २ + २ + १ = ११ शीट.
- सगळ्यांना एक शेड: २०७ मध्ये १५ टक्के वाढवून २३८ चौरस फूट, म्हणजे ८ शीट.

यात एक शीट जादा घेऊन ठेवा. कोड तोच असला तरी नंतर आणलेल्या शीटची छटा थोडी वेगळी येऊ शकते, म्हणून सगळ्या शीट एकाच वेळी, एकाच लॉटच्या घ्या. तरीही २ शीट वाचल्याच. रेघांची दिशा सांभाळताना घट वाढू शकते, त्यामुळे खरेदीआधी कटिंगचा नकाशा कागदावर काढा.

वाचलेल्या पैशांतून प्लायमध्ये तडजोड टाळा. सिंकखाली आणि ओल्या भिंतीला लागून आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय वापरा. कोरड्या जागी आयएस ३०३ चं चालतं.

पायरी ४ : जोडकाम वेगळं लिहा

इथे बरेच जण फसतात. चौरस फुटाचा दर फक्त कपाटांना लागतो. पण फिलर पट्टी, पडद्याची पेल्मेट, एसीच्या पाईपचं झाकण, खिडकीची चौकट, स्विचबोर्डसाठी कापलेलं पॅनेल हे कोण धरणार?

समजा काम ६,००,००० रुपयांचं आणि तुम्ही १५ टक्के, म्हणजे ९०,००० नफा धरलाय. जोडकामाला माल लागला २२,००० चा. एका कारागिराची १,२०० रुपये रोजाने १२ दिवसांची मजुरी झाली १४,४००. एकूण ३६,४००. हे कोटेशनमध्ये नसेल तर हातात उरले ५३,६००. दीड-दोन महिने राबून नफ्याचा ४० टक्के भाग पट्ट्यांमध्ये गेला!

आणि पैसे वाचवायला जोडकाम टाळलंत तर? फटी दिसतात, पाईप उघडे राहतात. त्याच सोसायटीतली पुढची कामं जातात, कारण शेजारी घर बघायला येणारच.

म्हणून कोटेशनचे दोन भाग करा. 'भाग अ : फर्निचर', चौरस फुटाने. 'भाग ब : जोडकाम', रनिंग फुटाने किंवा नगाने. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, एवढ्या पट्ट्यांचे पैसे कसले?" तर नमुना फळी पुढे ठेवा आणि शांतपणे सांगा, "ताई, कपाट कुणीही बसवेल. ते भिंतीतूनच आल्यासारखं दिसतं ते या पट्ट्यांमुळे." तरी नको म्हटलं तर ती ओळ खोडा आणि खोडल्यावर सही घ्या. फुकटात मात्र करू नका.

पायरी ५ : हप्ते कामाला बांधा

माल आणण्याआधी ४० टक्के, सांगाडे उभे राहिल्यावर ३० टक्के, शटर बसल्यावर २० टक्के, जोडकाम पूर्ण करून ताबा देताना १० टक्के. पॉलिशचं काम असेल तर तारीख देताना पावसाळा लक्षात घ्या. दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं.

आजचा गृहपाठ

तुमचं शेवटचं पूर्ण झालेलं काम घ्या. अजून काम घेतलं नसेल तर स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घराचं घ्या. त्यातलं सगळं जोडकाम मोजून लिहा, समोर माल आणि मजुरी मांडा, आणि बेरीज करा. जो आकडा येईल, तो पुढच्या कोटेशनच्या 'भाग ब' मध्ये लिहायला विसरू नका.