हॉटेल घरचं, पहिली नोकरी बाहेरची

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसमध्ये कुणी ‘आमचं हॉटेल आहे’ म्हणालं, की लॉबी आणि लिफ्ट डोळ्यांपुढे येत नाही. येते ती रस्त्याकडेची कढई, भज्यांचा घाणा, उकळत्या चहाचं पातेलं आणि गल्ल्यावर बसलेले मालक. अशाच एका मालकांनी बारावी झालेल्या मुलाला शेजारी बसवून मला विचारलं, “सर, आमचं तर गेलं चुलीपुढं. आता लाखानं पैसे भरून हॉटेल मॅनेजमेंट शिकवायचं, अन् पोरगं पुन्हा चुलीपुढंच आणून बसवायचं का?”

प्रश्न रास्त आहे. त्यात पैशांची काळजी आहेच, पण त्याहून जास्त ‘लोक काय म्हणतील’ याची आहे. पोरगा इंजिनियर झाला तर गावात सांगता येतं. हॉटेलात आला तर ‘बापाचाच धंदा’.

अशा पालकांना मी विठ्ठल कामतांची गोष्ट सांगतो. त्यांचे वडील व्यंकटेश कामत मुंबईत चर्चगेटला ‘सत्कार’ चालवत. मुलगा त्या धंद्यात वाढला, पण सरळ वडिलांच्या गल्ल्यावर जाऊन बसला नाही. लंडनला जाऊन त्यानं दुसऱ्याच्या हॉटेलात आचाऱ्याचं काम केलं. पुढे १९९७ मध्ये मुंबईच्या विमानतळाजवळ त्यांनी ‘ऑर्किड’ उभं केलं. पर्यावरण जपणारं हॉटेल म्हणून इकोटेल प्रमाणपत्र मिळवणारं ते आशियातलं पहिलं पंचतारांकित हॉटेल. पुढच्या पिढीतले विशाल कामत घरच्याच हॉटेल कंपनीत कार्यकारी संचालक झाले. ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे पुस्तक घरात आणा. मुलानं वाचावं, वडिलांनी तर नक्कीच वाचावं.

मला यातलं लंडन महत्त्वाचं वाटतं. घरच्या हॉटेलात मालकाच्या मुलाला कुणी रागवत नाही. कांदा जाड चिरला गेला तरी वस्ताद ‘असू द्या’ म्हणतो. परक्या किचनमध्ये तोच कांदा परत येतो. उशिरा आलात तर पगार कापला जातो, नासलेल्या मालाचा जाब द्यावा लागतो. म्हणून शिक्षण झाल्यावर किमान तीन वर्षं बाहेर नोकरी करा, आणि मगच घरी या.

आणि घरी येताना पगार ठरवून या. हे मी ठासून सांगतो, कारण घरच्या धंद्यात सर्वांत जास्त मनं इथंच दुखावतात. ‘सगळं तुझंच तर आहे’ असं म्हणून मुलाला महिन्याला काहीच हातात दिलं जात नाही, आणि लग्न झालं की बायकोसाठी साडी घ्यायलाही त्याला गल्ल्यात हात घालावा लागतो. मग काका, चुलत भाऊ, हिशेब, संशय. खरेदी कोण बघणार, माणसं कोण नेमणार, दर कोण ठरवणार, हे कागदावर लिहा. वडिलांसमोर कागद काढायला संकोच वाटेल, तरी काढा.

आणि हॉटेलातला एक्झिक्युटिव्ह म्हणजे टाय नव्हे. पहाटे दूध मोजून घेणं, दोन पोरं आली नाहीत तर त्यांची जागा भरणं, रात्री शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर गल्ल्याचा ताळा जुळवणं, हेच ते काम. नोंदणी झालेल्या साध्या हॉटेलच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण फ्रीज किंवा गॅसवर आपण भरलेला कर त्यातून वळता करता येत नाही. हे ज्याला उमगलं, त्यालाच ताटाचा दर ठरवता येतो. दिवाळी, लगीनसराई, सुट्ट्या हेच कामाचे दिवस, त्यामुळे नातेवाइकांची लग्नं चुकणारच. हे आधीच सांगितलेलं बरं.

हॉटेल मॅनेजमेंट शिकायच्या वाटा अवघड नाहीत. देशपातळीवरची एनसीएचएम जेईई परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते, फक्त इंग्रजी विषय हवा. राज्यात बीएचएमसीटी या पदवीची वेगळी सीईटी आहे. मुंबईत दादरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था १९५४ पासूनची आहे, आणि ती लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं स्त्रियांच्या संघटनेनं सुरू केली होती. ‘मुलीला हॉटेलात कसं पाठवायचं’ असं विचारणाऱ्या पालकांना मी मुद्दाम हे सांगतो. ज्याला चुलीपेक्षा प्रयोगशाळा आवडते, त्याच्यासाठी परभणीतच कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, १९७६ पासून. त्याला मात्र विज्ञान शाखा लागते.

ताडकळसच्या त्या मुलाला मी प्रवेशाचा फॉर्म दिला नाही. दोनशे पानी वही दिली. महिनाभर रोज तेल किती ओतलं, दूध किती आणलं, भजी किती उरली, उधारी कुणाकडे किती राहिली, एवढं लिहायचं. पहिल्या आठवड्यातच त्याचा फोन आला. “सर, आमच्याकडं रोज दोन लिटर दूध कमी भरतंय. पप्पांना सांगू का?”

मी म्हटलं, आधी वही पुढं ठेव, मग बोल.