आंब्याच्या वासाचे व्यसन

गेल्या पावसाळ्यात अकरावीतल्या एका मुलाला त्याची आई दवाखान्यात घेऊन आली. तक्रारी नेहमीच्याच. रात्री झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही, शब्दाशब्दाला चिडचिड. तपासणीत काही आढळले नाही. मुलगा बाहेर गेल्यावर आईने पिशवीतून बोटभर लांबीची एक चपटी वस्तू काढली. "डॉक्टर, ही त्याच्या दप्तरात सापडली. पेनड्राइव्ह आहे म्हणतो. पण पेनड्राइव्हला आंब्याचा वास कसा येईल?"

ती ई-सिगारेट होती. मुलाला पुन्हा आत बोलावून विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "डॉक्टरकाका, ही नुसती सुगंधी वाफ असते. यात तंबाखू नसतो."

मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच सांगण्यात आले होते. अमेरिकेत लाखो मुलांची अशीच समजूत झाली होती, आणि तो प्रश्न तेथील वकिलांनी न्यायालयात नेला. त्या लढ्यातून आपण पालकांनी शिकण्यासारखे बरेच आहे.

वाफेत असते काय?

तंबाखूचे व्यसन लावणारे द्रव्य म्हणजे निकोटिन. ‘जूल’ नावाची ई-सिगारेट जून २०१५ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तिच्यात द्रवाची छोटी कुपी बसवतात. एका कुपीत सुमारे वीस सिगारेटींच्या पाकिटाइतके निकोटिन असते, असे कंपनीच सांगत असे. एवढे निकोटिन एरवी घशाला झोंबते. जूलमध्ये ते बेन्झॉइक आम्लाच्या साहाय्याने क्षाराच्या रूपात आणले, त्यामुळे झोंबणे कमी झाले. पहिल्या सिगारेटला येणारा ठसका हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो इशाराच नाहीसा झाला, आणि वर आंबा, पुदिना, काकडी अशा चवी.

मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. या वयात निकोटिनची सवय लवकर जडते आणि एकाग्रता, मनावरचा ताबा यांवर परिणाम होतो. अमेरिकेतील सरकारी पाहणीनुसार ई-सिगारेट ओढणाऱ्या माध्यमिक विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते, ते २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. ‘ट्रुथ इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात १५ ते २४ वयाच्या जूल वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्के जणांना त्यात नेहमीच निकोटिन असते हे ठाऊक नव्हते.

वकिलांनी काय केले?

आम्हा डॉक्टरांची एक अडचण असते. धुराने वा वाफेने फुप्फुसाचे काय झाले, हे सिद्ध व्हायला कित्येक वर्षे लागतात. वकिलांनी या दाव्यांत आजाराच्या जोडीने एक साधा प्रश्न विचारला. ग्राहकाला खरे सांगितले होते का? निकोटिन किती आहे, व्यसन किती पटकन लागते हे कळले असते, तर त्याने ही वस्तू त्या किमतीला घेतली असती का? ज्या ग्राहकाला अजून कोणताही आजार झालेला नाही, त्यालाही हा प्रश्न विचारता येतो.

देशभरातून आलेले दावे ऑक्टोबर २०१९ पासून सॅन फ्रान्सिस्को येथे न्यायाधीश विल्यम ऑरिक यांच्यापुढे एकत्र चालले. सारा लंडन, डीना शार्प, एलन रेल्किन आणि डीन कावामोटो यांच्याकडे वादींचे नेतृत्व होते. जून २०२२ मध्ये न्यायालयाने ग्राहकांचा सामूहिक दावा चालवण्यास मान्यता दिली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने सुमारे दहा हजार वादींशी तडजोड केली. त्यांत व्यसनात अडकलेली मुले, त्यांचे पालक आणि शाळांची व्यवस्थापनेही होती. ग्राहकांच्या दाव्यात जूलकडून २५.५ कोटी डॉलर आणि तिच्यात भागीदारी घेतलेल्या अल्ट्रिया या सिगारेट कंपनीकडून ४.५५ कोटी डॉलर मिळाले. कंपनीने चूक मात्र कबूल केली नाही. पण ग्राहकांच्या बाजूने एवढे मोठे काम केल्याबद्दल या वकिलांचे नाव झाले, आणि ते योग्यच आहे. ज्या व्यसनावर आम्ही एकेका रोग्याला औषध देतो, त्याच्या मुळावर त्यांनी घाव घातला.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. "यात निकोटिन नाही" असे सांगून विकलेले उपकरणही बंदीतून सुटत नाही. तरीही वस्तू चोरवाटेने येतेच. चोरून घेतलेल्या मालाची ना पावती, ना त्यावर खरा मजकूर. म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकाला जी दाद मिळाली, ती आपल्या मुलाला मिळणे अवघड. म्हणून जपायचे ते आधीच.

पालकांनी काय पाहावे?

मुलाच्या खोलीत वा दप्तरात फळांचा, पुदिन्याचा गोड वास; ओळखीची नसलेली पेन वा पेनड्राइव्हसारखी वस्तू; वारंवार गच्चीवर वा न्हाणीघरात जाणे; वस्तू मिळाली नाही की चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणे. अशी लक्षणे दिसली तर मारझोड करू नका. मारल्याने व्यसन सुटत नाही, फक्त लपते. मुलाला शांतपणे विचारा, "यात काय आहे, हे तुला कोणी सांगितले? आणि त्याला त्यातून काय मिळते?" मग आपल्या डॉक्टरांना भेटा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर शासनाचा विनामूल्य सल्लाही मिळतो.

त्या मुलाला एका कुपीचा आणि वीस सिगारेटींचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. "मला हे कोणी सांगितलेच नाही," एवढेच म्हणाला. पहिले पंधरा दिवस त्याला जड गेले, मध्ये एकदा तो घसरलाही. परवा आई भेटली. म्हणाली, आता रात्री झोपतो. तो कागद त्याने अजून टाकलेला नाही.