जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क

प्रश्न : माझा दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो आणि आतून टकटक आवाज येतो. सीताबर्डीत हार्ड डिस्क मिळेल का, की लॅपटॉपच बदलू?

उत्तर : टकटक ऐकू येते ना? मग आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, दुकान नंतर. ती डिस्क कधीही मान टाकेल.

लॅपटॉप बदलायची घाई नको. या वयाच्या बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची साटा डिस्क असते. तिच्या जागी त्याच मापाची साटा एसएसडी बसते. तिच्यात फिरती तबकडीच नसल्यानं टकटकीचा प्रश्नच मिटतो. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड असेल आणि नवी सात, तर ती खणात डुगडुगते. प्लास्टिकची चौकट मागून घ्या. एम डॉट टू नावाची पट्टीसारखी एसएसडी कोणी पुढे केली, तर आधी आत तिची खाच आहे का, ते पाहा.

जुनी डिस्क काढून सोबतच न्या. सीताबर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत ती काउंटरवर ठेवली की अर्धं बोलणं वाचतं. ‘नवीन’ म्हणून वापरलेला मालही खपवला जातो, म्हणून पैसे देण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडायला लावा. त्यात डिस्क किती तास चालली ते दिसतं. नव्या डिस्कवर हजारो तास कसे? पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहवून घ्या.

माझं विचाराल तर २५६ जीबी पुरे. फोटोंसाठी वेगळी डिस्क ठेवा.